उलट्या आट्यांची खाच

दिनकर सखाराम ओव्हाळ, राहणार खराळवाडी, पिंपरी, यांच्यावर अन्याय झाला तो १९८१ साली, दसऱ्यानंतरच्या पहिल्या बुधवारी, दुपारी साडेबारा वाजता, जेवणाच्या सुट्टीत. कंपनीच्या कागदावर वेगळी वेळ आहे. तिथं लिहिलंय, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार, सकाळी सव्वाअकरा. त्या सव्वाअकराला ओव्हाळांच्या हातून चूक झाली हे खरं आहे. ती त्यांनी स्वतः, त्याच मिनिटाला, उभं राहून सांगितली. पण अन्याय आधी झाला आणि चूक मागून आली. हा क्रम उलटा लिहून कंपनीनं एका माणसाला घरी बसवलं. म्हणून मी आधी क्रम सरळ करून ठेवतो आणि मग माणूस सांगतो.

ही पद्धत त्यांचीच. मी मशीन शॉपमध्ये मिलिंगवर काम करतो आणि युनियनची पत्रकं लिहितो. माझं पहिलं पत्रक निघालं त्याचा मथळा होता 'कॉम्प्युटर हटवा, कामगार वाचवा'. सायक्लोस्टाइलची शाई वाळली नव्हती तेवढ्यात मी ते कँटीनमध्ये वाटायला लागलो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस डबा खात बसला होता. खिशाला पेन, पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. पट्टी बघून मला वाटलं टूलरूमचा असेल. हाच तो कॉम्प्युटरवाला, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पत्रक डाव्या हातात धरून शेवटपर्यंत वाचलं.

"पुढारी, बस जरा."

बसलो.

"ह्यात धिक्कार चार वेळा आलाय. कशाचा, ते एकदाही नाही."

"कॉम्प्युटरचा," मी म्हणालो. "नोकऱ्या खाणार तो."

"खाईलही. लेथ आला तेव्हा कानस घासणाऱ्यांच्या खाल्ल्याच की त्यानं. मग लेथ हटवलात का? लेथवर कोण उभा राहणार, किती तास, बोट गेलं तर कोण बघणार, त्याच्यावर भांडलात. ह्याच्याशी पण तसंच भांडा." मग त्यांनी पत्रक उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर भाकरीचा तुकडा ठेवला. "आधी लिहायचं, कुणावर झालं. मग लिहायचं, कधी झालं. घड्याळ बघून. आणि शेवटी लिहायचं की वाचणाऱ्यानं उद्या सकाळी काय करायचं. ते नसलं तर कागद भज्यांना जातो."

मला राग आला होता. रात्री घरी जाऊन पत्रक त्यांच्या पद्धतीनं पुन्हा लिहिलं, तेव्हा जास्त राग आला, कारण ते निम्म्या जागेत बसलं आणि दुप्पट झोंबलं.

खात्यात त्यांना 'कुठून-कुठं' म्हणत. तोंडावर ओव्हाळभाऊ, मागे कुठून-कुठं. कुणी सांगायला आलं की "भाऊ, भोसरीला कागद पाठवायचेत पिंपरीहून," तर ते मान वर न करता म्हणत, "उलटं बोललास. आधी कुठून." समोरचा निमूटपणे पुन्हा बोलायचा, "पिंपरीहून भोसरीला." मग कागद हलायचे. घरीसुद्धा हेच. त्यांच्या रुक्मिणीवहिनी सांगायच्या, "पोरीला बघायला पाव्हणे आले. आल्या आल्या ह्यांनी विचारलं, कुठून. बरं, ते विचारत्यात सगळेच. मग विचारलं, कुठं? आता ते आलेत आमच्या दारात, पाटावर बसलेत, हातात पोहे हायेत. कुठं म्हणजे कुठं?" हे सांगताना वहिनी हसायच्या आणि ओव्हाळभाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "पुढं आळंदीला जायचे होते ते. विचारलं म्हणून बस सापडली त्यांना."

लोक हसत, आणि हसण्यासारखं होतंही. पण या सवयीच्या मागे वीस वर्षांचं काम होतं.

ते बासष्ट साली निघोज्याहून इथं आले. आधी वेल्डिंगमध्ये हेल्पर, मग टूलरूममध्ये. तेव्हा कंपनीत अर्धी मशीनं इंग्लंडची, इंचांतली, आणि अर्धी जर्मनीची, मिलिमीटरमधली. पान्यांची पेटी मात्र एकच. ज्यांनी पाना धरलाय त्यांना पुढचं सांगायला नको. अर्ध्या इंचाच्या नटला तेराचा पाना बसतो. म्हणजे बसल्यासारखा वाटतो. जोर लावला की निसटतो, नटचे कोपरे जातात आणि बोटांची सालं निघतात. सगळे फिटर बोटांना पट्ट्या बांधून हिंडायचे आणि फोरमन म्हणायचे, लक्ष ठेवून काम करत जा.

ओव्हाळांनी एका रविवारी येऊन सगळे पाने मोजले, पट्टी लावून. इंचवाल्यांच्या दांड्याला लाल रंग, मिलिमीटरवाल्यांना पिवळा. मग मशीनच्या अंगावरही ठिपका, लाल नाहीतर पिवळा. सोमवारी फोरमन आले.

"ओव्हाळ, रंगपंचमी आहे का?"

"न्हाई साहेब. बोटं मोजायची आहेत. दिवाळीला परत मोजू."

कंपनीच्या मालाला रंग फासल्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. ती समज त्यांनी जपून ठेवली होती, मी पाहिली आहे. दिवाळीपर्यंत शेजारच्या शॉपमधला फोरमन गुपचूप रंगाचा डबा मागायला आला. आज आमच्या कंपनीत कुठलाही नवा पोरगा लाल ठिपक्याला लाल पाना लावतो आणि त्याला वाटतं हे जगात असंच असतं. लेखी समज मात्र कुणी परत घेतली नाही.

पुढे कंपनीत कार्डं लावणारी मशीनं आली, भोकं पाडलेली कार्डं वेगळी करणारी. ती सारखी अडायची, म्हणून हात चांगला असलेला माणूस हवा होता. ओव्हाळांना तिकडे पाठवलं. त्यांनी रात्रशाळेतून मॅट्रिक केलं होतं. यंत्र उघडून बसता बसता ते चालवायला शिकले. कार्डांच्या मशीनमागून कॉम्प्युटर आला तेव्हा त्या खात्याच्या साहेबांना इंजिनियर हवे होते. इंजिनियर आलेही, पण पहिल्या पाळीत मशीन चालू करायला सगळे ओव्हाळांचीच वाट बघायचे. काचेच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आत गार. तिथं ते पांढऱ्या शर्टावर पट्टी लावून बसायचे. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पितळेचा एक जुना नट ठेवलेला. मी तो कितीदा हातात घेऊन फिरवला असेल, पण विचारलं कधीच नाही.

मग कंपनीनं भोसरीला दुसरा कारखाना काढला आणि तिथं दुसरा कॉम्प्युटर आणला. पिंपरीचा एका देशाचा, भोसरीचा दुसऱ्या. पिंपरीचा कार्डांवर चालायचा, भोसरीच्याला टाइपरायटरसारखी पाटी होती, तिच्यावर हुकूम टाइप करायचा. माणसं मात्र तीच. तीन आठवडे पिंपरी, तीन आठवडे भोसरी, अशी आलटूनपालटून पाळी.

आता इथं ज्यांनी कॉम्प्युटर पाहिलेला नाही त्यांनी दोन मिनिटं थांबा, अवघड काही नाही. मशीनला सांगायचं असतं, ही यादी त्या जागी उतरवून ठेव. दोन्ही मशीनवर हा हुकूम एकच, कॉपी. शब्द एक, स्पेलिंग एक. पण पिंपरीच्या मशीनला आधी सांगायचं कुठून आणि मग कुठं. भोसरीच्या मशीनला आधी कुठं आणि मग कुठून. उलटं दिलं तरी मशीन तक्रार करत नाही. ते कोरी यादी भरलेल्या यादीवर उतरवून ठेवतं आणि म्हणतं, झालं. तसंच पुसण्याचं. पिंपरीचं विचारायचं, नक्की पुसू का. भोसरीचं विचारत नसे.

ओव्हाळभाऊंनी पहिल्या आठवड्यात हे हेरलं आणि साहेबांना अर्ज दिला. उत्तर आलं नाही. मग त्यांनी तेच केलं जे पान्यांचं केलं होतं. दोन्ही मशीनवर त्यांनी आपले तीन हुकूम बसवले. नक्कल, दाखव, पूस. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. पिंपरीला त्यासाठी कार्डांचे तीन छोटे गठ्ठे होते, रबर लावलेले. भोसरीला मशीनच्याच पोटात लिहून ठेवलेले. आत प्रत्येक मशीनला तिच्या रीतीनं सांगायची सोय केलेली, बाहेर माणसाला एकच रीत. नक्कल म्हटलं की दोन्हीकडे आधी कुठून, मग कुठं. दाखव म्हटलं की दोन्हीकडे यादी नावाच्या क्रमानं. पूस म्हटलं की दोन्हीकडे मशीन थांबून विचारणार, खरंच पुसू? आणि 'हो' टाइप केल्याशिवाय पुसणार नाही.

मी तेव्हा म्हणालो, "मराठी नावं दिलीत ते बेस केलंत भाऊ. अस्मितेचा प्रश्न आहे."

"अस्मिता ठेव तुझ्या पत्रकात," ते म्हणाले. "इंग्रजी नाव दिलं असतं तर मशीनच्या मूळ हुकमाशी गल्लत झाली असती. हे नाव दोन्ही मशीनांच्या बापाला माहीत नाही. म्हणून दोघांनाही सारखंच शिकवता येतं."

सहा महिने हे हुकूम चालले. कार्डं पंच करणाऱ्या बायकांच्या खोलीतल्या कमलताई भोंडवे, मूळच्या इथल्याच, रावेतकडच्या, त्यांनासुद्धा ते येत होते. त्या म्हणायच्या, "आमाला कुणी शिकवलं न्हाई. भाऊ करताना बघितलं. एका मशिनीवर कळलं, दुसरीवर आपोआप आलं. तवा वाटलं, हे काय लई मोठं न्हाई, हे आपल्याला जमतंय की."

साहेबांना नेमकं हेच आवडलं नसावं. साहेब वाईट नव्हते. हुशार होते, बाहेर शिकून आले होते, कुणाला अरेतुरे करत नसत. पण मशीनबरोबर आलेली मॅन्युअलं त्यांनी काचेच्या कपाटात कुलपात ठेवली होती आणि मॅन्युअलमध्ये जे नाही ते मशीनवर नाही, हे त्यांचं वाक्य होतं. खात्यात मोठे पाहुणे यायचे होते. पाटीवर 'पूस' असं काहीतरी टाइप करताना त्यांनी कुणाला पाहिलं आणि विचारलं, हा गावठी प्रकार कुणाचा?

त्या वर्षी खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा झाली. दर वर्षी होते. पिंपरीच्या मशीनला झेंडूची माळ, कुंकवाची पाच बोटं, पुढे नारळ. ओव्हाळभाऊ पूजेला बसत नसत, पण आदल्या दिवशी ओल्या फडक्यानं मशीनचा प्रत्येक कोपरा तेच पुसून काढत आणि दुसऱ्या दिवशी कुंकू लागलेल्या फटी काडीला कापूस गुंडाळून तेच साफ करत. नारळ फुटला, पाणी उडालं, साहेबांनी हात जोडले. मग पेढे वाटताना साहेब म्हणाले, "ओव्हाळ, ते तुमचे तीन प्रकार काढून टाका. मॅन्युअलमध्ये नाहीत."

ओव्हाळांनी पेढा हातातच ठेवला. "साहेब, नारळ कुठल्या पानावर आहे?"

कुणी हसलं नाही. हसायची हिंमत नव्हती. कमलताईंनी तोंडाला पदर लावला एवढंच.

दसऱ्यानंतरच्या बुधवारी, साडेबारा वाजता, ओव्हाळ जेवायला गेलेले असताना, तीनही हुकूम दोन्ही मशीनवरून काढले गेले. पिंपरीचे गठ्ठे रद्दीच्या पेटीत. भोसरीचे पुसले. मशीननं विचारलं नाही, नक्की पुसू का.

ते जेवून आले. पेटीतून गठ्ठे काढले, रबर सोडून खिशात घातलं आणि कार्डं परत पेटीत ठेवली. मी विचारलं, भाऊ, काय करायचं? म्हणाले, "लिहून दिलंय. आज उद्या हात चुकणार कुणाचातरी. माझा चुकू नये म्हणजे झालं."

त्यांचाच चुकला.

दिवाळीआधीचे तीन आठवडे त्यांची पाळी पिंपरीला होती. सुट्टीनंतरच्या सोमवारी भोसरीला पहिला दिवस. हंगामी कामगारांच्या वर्षभराच्या हजेरीची यादी तिथं डिस्कवर असायची. हंगामी माणसाचे दोनशे चाळीस दिवस भरले की त्याचा हक्क लागतो, त्यामुळे ती यादी म्हणजे काय चीज होती हे या पट्ट्यात कुणाला सांगावं लागू नये. काम सुरू करायच्या आधी यादीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची, ही शिस्त ओव्हाळांनीच घालून दिलेली. त्यांनी दुसरी डिस्क पुसून तयार ठेवली आणि पाटीवर बसले. तीन आठवडे हाताला कुठून-कुठं. सहा महिने त्याच्याही आधी कुठून-कुठं. समोर शब्दही तोच, कॉपी. हातानं लिहिलं, कुठून, कुठं. मशीननं कोरी डिस्क भरलेल्या यादीवर उतरवली आणि म्हटलं, झालं.

यादी टेपवर असती तर वाचली असती. टेपच्या मागे प्लॅस्टिकचं एक कडं असतं, ते काढून ठेवलं की मशीनला तिच्यावर लिहिताच येत नाही. डिस्कला कडं नव्हतं.

ओव्हाळभाऊ उठून उभे राहिले. तिथं असलेल्या लोकांनी मला सांगितलंय, त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "सव्वाअकरा. यादी गेली. माझ्या हातानं गेली. टाइम ऑफिसमधली मस्टरं हलवू नका, त्यावरून परत उठवता येईल." साहेब खोलीत यायच्या आत त्यांनी स्वतः नोंदवहीत लिहून सही केली होती. चार वाजता त्यांच्या हातात चार्जशीट. आरोप, हेतुपुरस्सर नुकसान, तीन हुकूम काढल्याच्या रागातून.

यादी परत उठली. कमलताई आणि पंचिंगच्या सगळ्या बायका मस्टरं घेऊन बसल्या आणि एकेक माणूस, एकेक दिवस पुन्हा मशीनमध्ये भरला. एकाही हंगामी माणसाचा एकही दिवस गेला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण काही लोक अजून म्हणतात की ओव्हाळनं गरिबांचे दिवस बुडवले. असं म्हणणाऱ्यांनी कमलताईंसमोर म्हणून दाखवावं.

चौकशी चालली. त्यांच्या बाजूनं बसायला माणूस हवा होता. आमच्या युनियनच्या वरच्या लोकांनी चालढकल केली. आपण कॉम्प्युटरच्या विरोधात, आणि हा कॉम्प्युटरवाला, असा त्यांचा हिशेब. मला लाज वाटते, पण छापतो. शेवटी मीच बसलो. कायद्याची दोन पुस्तकं घेऊन गेलो होतो, त्यातलं काही उपयोगी पडलं नाही.

चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला दोन मशीनमधला फरक माहीत नव्हता, असं म्हणायचंय का?"

"माहीत होता," ओव्हाळ म्हणाले. "मीच लिहून दिला होता तुम्हाला."

"मग माहीत असून चुकलात, याचा अर्थ काय?"

ओव्हाळांनी खिशात हात घातला आणि टेबलावर दोन पितळी नट ठेवले. एक मी ओळखला, कागदांवरचा.

"साहेब, मी पहिल्यांदा वेल्डिंगला होतो. हा ऑक्सिजनच्या बाटलीचा नट. सरळ आट्यांचा. हा गॅसच्या बाटलीचा. ह्याचे आटे उलटे. एकाच्या जागी दुसरा लागला तर शॉप उडेल, म्हणून मुद्दाम उलटे केलेत. पण नुसते उलटे करून थांबले नाहीत ते लोक. हात लावून बघा."

अधिकाऱ्यांनी हात लावला नाही. मी लावला. उलट्या नटच्या कोपऱ्यांवर बारीक खाच होती, सगळ्या बाजूंनी. कागदांवरचा नट तो हाच, आणि दोन वर्षं मी तो बोटांत फिरवत होतो.

"आटे आत असतात, दिसत नाहीत. म्हणून बाहेर खाच. अंधारात, हातमोज्यातनं, दमलेल्या माणसाच्या बोटाला कळावं, इथं उलटं आहे. वेल्डरला फरक माहीत नसतो म्हणून खाच नाही पाडलेली. माहीत असतो, तरी पाडलीय. कारण हात डोक्याच्या आधी चालतो. चालायलाच पाहिजे, नायतर पाळी संपणार नाही. तुमच्या भोसरीच्या मशीनचे आटे उलटे आहेत, साहेब. शब्द तोच ठेवलाय. खाच कुठंय? मी पाडली होती. ती तुम्ही पुसली."

अधिकाऱ्यांनी लेखनिकाला सांगितलं, हे लिहू नका, हे विषयाला सोडून आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना एकट्याला बोलावलं. मी म्हणालो तसं, साहेब वाईट नव्हते. त्यांनी एक कागद तयार ठेवला होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात, खाली सहीची जागा. सही केली तर हेतूचा आरोप मागे, स्टोअरमध्ये बदली, नोकरी शाबूत.

ओव्हाळांनी तो वाचून परत दिला आणि स्वतःचा कागद पुढे केला. तो तीनच ओळींचा. 'मी कुठून आणि कुठं ही नावं उलटी लिहिली. दोन मशीनचा क्रम उलटा आहे. तो एक करा, नाहीतर खूण करा.' खाली सही.

"पहिल्या ओळीवर थांबा ना," साहेब म्हणाले. "बाकीच्या दोन कशाला?"

"पहिली ओळ माझी आहे. बाकीच्या दोन माझ्या जागी बसेल त्याच्या आहेत."

"ओव्हाळ, घरी पोरगी लग्नाची आहे तुमची."

"आहे ना. तिला काय सांगू, बाप निष्काळजी होता?"

मी बाहेर त्यांच्याशी भांडलो. म्हणालो, भाऊ, एक शब्द आहे, करून टाका सही, आत राहून लढू. ते म्हणाले, "चूक केली हे मी त्यांच्या आधी लिहिलं. निष्काळजी होतो हे लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. आणि ते लिहिलं ना, की मशीन सुटलं. मग दर वेळी माणूसच सापडणार." रुक्मिणीवहिनी संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "सही केली असती तर मीच घरात घेतलं नसतं." पण त्या रडलेल्या होत्या, ते दिसत होतं.

नोकरी गेली. अहवालात शब्द आहे 'हेतुपुरस्सर'. दोन मशीनच्या क्रमाबद्दल एकही ओळ नाही.

भोसरीच्या पाटीवर, कॉपीच्या क च्या जागी जी इंग्रजी सी असते तिच्या डोक्यावर, आठवडाभरानं एक लाल टिकली दिसली. साफसफाईत ती निघाली, तर दुसरी आली. साहेबांनी विचारलं, कुणाची आहे? पंचिंगच्या खोलीत त्या दिवशी सगळ्या बायका लाल टिकली लावून आल्या होत्या. कमलताई मला म्हणाल्या, "आता काय करतील सायेब? बोटाला लागती ती. बोट थांबतंय, मग डोस्कं येतंय. भाऊ त्याला काय म्हणाले व्हते? खाच. तीच ती."

ओव्हाळभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते पिंपरीच्या स्टँडवर. निघोज्याला परत चालले होते. चाकणला त्यांच्या मेव्हण्याचं पंप आणि ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं बसणार होते. वहिनी आणि पोरगी सामान घेऊन आदल्या दिवशी गेल्या होत्या. त्यांच्याजवळ एक पिशवी, पिशवीतून पान्याचा लाल दांडा बाहेर आलेला. खिशाला पट्टी होतीच.

मी म्हणालो, "भाऊ, पत्रक काढतोय. तुमच्यावर."

"माझ्यावर काढू नको. क्रमावर काढ."

"तुमचं नाव घालणार."

"घाल. वेळ बरोबर घाल पण."

एसटी आली. त्यांनी पाटी वाचली, पिंपरी ते चाकण, आणि मला कोपरानं ढोसलं. "बघ. महामंडळाला कळतं." मग पायरीवर चढून परत वळले आणि खाचवाला नट माझ्या हातात ठेवला. कंडक्टर मागून ओरडत होता, आत चला, आत चला. ओव्हाळ आत गेले नाहीत. कंडक्टरनं तिकिटाची पेटी पुढे घेऊन विचारलं, "कुठं जायचंय?"

"आधी कुठून ते विचार, राव," ओव्हाळभाऊ म्हणाले, आणि दार लागलं.

तो नट आत्ता माझ्यासमोर आहे, याच कागदावर ठेवलाय. आता तुम्ही काय करायचं ते सांगतो.

पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, जिथं कुठं तुमच्या हाताखाली दोन मशीनं आहेत, उद्या पाळीवर जा आणि दोन्हींना तोच हुकूम द्या. बिनकामाच्या यादीवर द्या, खऱ्या यादीवर नको. दोघांनी वेगळं केलं, तर कुठलं मशीन, कुठला हुकूम, काय क्रम, एवढं एका कागदावर लिहा. खाली ओव्हाळांच्याच शेवटच्या दोन ओळी उतरवा, दोन मशीनचा क्रम उलटा आहे, तो एक करा, नाहीतर खूण करा. सही करा. एक प्रत तुमच्या साहेबाच्या टेबलावर ठेवा आणि पोच घ्या. दुसरी मला कँटीनमध्ये आणून द्या. त्या सगळ्या प्रतींचा गठ्ठा घेऊन मी आमच्या कंपनीच्या गेटवर जाणार आहे, आणि ओव्हाळांच्या अहवालातला 'हेतुपुरस्सर' हा शब्द खोडल्याशिवाय तिथून उठणार नाही. तुमच्या हातून चूक अजून झालेली नाही. ती व्हायच्या आत सही करा.